मऊ पाणी

१

शहर इथून तासाभरावर आहे, असं एजंट म्हणाला. कोणाच्या तासाने, ते त्याने सांगितलं नाही आणि बाबांनी विचारलं नाही. बाबांचे सगळे प्रश्न घरच्यांसाठी राखीव असायचे. दिवा कोणी चालू ठेवला, अभ्यास का सोडला, केस एवढे बारीक का कापले. परक्या माणसासमोर मात्र ते पहिल्या बाकावरच्या मुलासारखी मान हलवायचे.

जन्म भाड्याच्या दीड खोलीत काढलेल्या माणसाला स्वतःच्या चार भिंती दिसल्या की त्याची अक्कल गहाण पडते, असं थोरलीने तोंडावर सांगितलं होतं. जिने दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं तिने अकलेवर बोलू नये, असं आई म्हणाली. विषय संपला. त्या घरात सगळे विषय असेच संपायचे.

तर ते आले. बाबा, जे शहरातल्या एका विमा कचेरीत कारकून होते आणि आता रोज बसने तिथे जाणार होते. आई, जी घरी बसून लोकांचे कपडे शिवायची. थोरली. आणि सात वर्षांची धाकटी, जिचं सगळं थोरलीकडे होतं: आंघोळ, वेण्या, शाळा, झोपताना पाठ खाजवणं. आईबाबांनी हे काम तिला शिक्षा म्हणून दिलं होतं. थोरलीला ते आयुष्यातलं एकमेव धड काम वाटायचं, पण तसं तिने कोणाला कळू दिलं नव्हतं.

घर स्वच्छ होतं. इतकं स्वच्छ की तिला ते आवडलं नाही. रिकाम्या घरात कुठेतरी तेलाचा डाग असतो, एखादा खिळा असतो, भिंतीवर पेन्सिलीने कोणा मुलाची उंची मांडलेली असते. इथे काही नव्हतं. ओट्याची कड, उंबरा, खिडकीची चौकट, सगळ्यांचे कोपरे गोलसर झिजलेले. इमारत काही तेवढी जुनी नव्हती.

मागच्या लोकांनी एकच वस्तू सोडली होती. बाथरूमच्या कोनाड्यात साबणाची वडी. केवढी, तर दोन हातांच्या ओंजळीत कशीबशी मावेल एवढी. कितीतरी रंगांचे तुकडे एकमेकांत मुरलेले, कुठे गुलाबी, कुठे पिवळट, कुठे दातांच्या कीटणासारखे. एक लांब केस तिच्यात रुतला होता आणि त्याचं टोक बाहेर आलं होतं.

टाकून देते म्हणत थोरली पिशवी शोधायला गेली. परत आली तेव्हा बाबा त्याच वडीने कोपरापर्यंत हात धूत होते.

"चांगला साबण आहे," ते म्हणाले. "टाकायला काय झालं?"

कोणा अनोळखी माणसांच्या काखांतून, जांघांतून फिरलेला साबण. थोरलीच्या तोंडाला आंबट पाणी सुटलं.

२

आईच्या राज्यात काहीच संपत नसे. टूथपेस्टची ट्यूब कात्रीने उभी चिरून आतून निपटली जायची. शांपूच्या बाटलीत पाणी घालून पुढचा आठवडा केसांना नुसता वास लावला जायचा. आणि साबण झिजून पानाएवढा पातळ झाला की आई तो नव्या वडीवर चिकटवायची. दोन्ही ओले करायचे, अंगठ्याने दाबायचं, रात्रभर ठेवायचं. सकाळी जुना नव्यात मुरलेला. थोरली म्हणायची, आपल्या घरात यांच्या लग्नापासून एकच साबण चालू आहे. धाकटीने हे शाळेत जाऊन सगळ्यांना खरं म्हणून सांगितलं होतं.

शहरातून आणलेला असाच एक तुकडा आईने दुसऱ्या दिवशी त्या वडीवर दाबून बसवला. तो बसवताना ती चक्क गुणगुणत होती.

थोरलीने दुकानातून वेगळी वडी आणली, हिरवी, औषधी वासाची. ती धाकटीला आणि स्वतःला. बाबांनी याला थेरं म्हटलं. एक आंघोळ करत नाही तोवर दुसऱ्याचा साबण कळायचा नाही अशी ही पिढी, असं काहीतरी ते बोलले, ज्याचा अर्थ त्यांनाही लागला नसावा.

महिना होत आला तरी मोठी वडी झिजली नव्हती. थोरलीने स्वतःला समजावलं. साबण मोठा, वापरणारी माणसं दोनच. इथलं पाणी मऊ आहे, फेस पटकन येतो, साबण कमी लागतो. हे तिला शाळेत शिकवलेलं आठवत होतं. तरी एका सकाळी तिने नाक मुरडत वडीवर नखाने खोल रेघ ओढली. दुसऱ्या सकाळी रेघ नव्हती. वापरला की पुसली जाणारच, हे तिने मान्य केलं. पण त्या दिवशी पाणीच आलं नव्हतं. कोणीच आंघोळ केली नव्हती.

तिने वडीला बोट लावलं. ओली होती. आणि कोमट. कोणी उठून गेल्यावर त्याची खुर्ची कोमट लागते, तशी.

पुढे ती कोनाड्यात मावेना. आईने ती एका ताटलीत ठेवली.

३

समोरच्या दारात एक काकू राहायच्या. त्यांचं वय सांगता येत नव्हतं. आवाज आजीचा, चालणं आजीचं, आणि चेहऱ्यावर एक सुरकुती नाही. तरुण दिसत होत्या असंही नाही. पायऱ्यांचे दगड जसे पायांनी गुळगुळीत होतात तसा चेहरा होता. भुवया विरळ. ओठ कुठे संपतात आणि हनुवटी कुठे सुरू होते याचा अंदाजच करावा लागायचा. खाली किराणावाला, शाळेची बाई, रिक्षावाला, थोड्याफार फरकाने सगळे तसेच. सगळे एकच सांगायचे: इथलं पाणी मऊ आहे.

काकू एका दुपारी आल्या. हातात रुमालात बांधलेलं काहीतरी होतं. नव्या घराला प्रत्येक घराने आपल्याकडचा थोडा द्यायचा असतो, म्हणाल्या, आणि गाठ सोडली. आत साबणाचा तुकडा होता, वापरलेला, बोटांच्या खाचा पडलेला.

आईचे डोळे भरून आले. शहरात जन्म गेला, आपला काटकसरीपणा लपवत. शेजारणी हसायच्या, पोटची पोरगी टोमणे मारायची. इथे आख्खं गाव तिच्यासारखं निघालं. तिने काकूंना हाताला धरून बाथरूममध्ये नेलं आणि दोघींनी मिळून तो तुकडा वडीवर बसवला. दाराबाहेर थोरलीला त्यांच्या हातांचा आवाज ऐकू येत होता. पचक, पचक. आणि मध्येच काकूंचं समाधानाचं हुंकारणं.

जाताना काकूंनी धाकटीचा गाल कुरवाळला. "हिला अजून कोपरे आहेत," त्या आईला म्हणाल्या. "जातील."

थोरलीने धाकटीला आत ओढलं आणि गाल ओल्या फडक्याने पुसला, लाल होईस्तोवर. पुसून झाल्यावर तिला स्वतःचंच हसू आलं. म्हातारी बाई आहे, म्हणाली असेल काहीबाही. फडकं मात्र तिने कचऱ्यात टाकलं.

४

कचेरीत बाबांची हजेरी अंगठ्यावर चालायची. मशीनवर अंगठा ठेवायचा, हिरवा दिवा लागला की माणूस आला. एका सोमवारी दिवा लाल लागला. दुसरा अंगठा लावला, लाल. मग सगळी बोटं. मशीन दुरुस्त करणारा म्हणाला, वयामुळे होतं काका, रेषा झिजतात. बाबांना याचा अपमान वाटला नाही. जेवताना त्यांनी हे गंमत म्हणून सांगितलं आणि आई इतकी हसली की तिला ठसका लागला.

थोरलीने त्यांचा हात ओढून दिव्याखाली धरला. बोटांची टोकं सपाट होती. रेषा नव्हत्या, पेरांच्या घड्या नव्हत्या. मनगटावरचे केसही गेले होते. आणि कातडी ओली नव्हती, तरी हात तिच्या बोटांतून सरकत होता, धरला तिथे राहत नव्हता.

"डॉक्टरला दाखवा," ती म्हणाली.

"कशासाठी? इतकी वर्षं पाठ दुखायची, आता दुखत नाही. झोप लागते. तुझ्या आईकडे बघ, दहा वर्षांनी तरुण दिसते."

थोरलीने बघितलं. आईच्या तर्जनीला सुईने टोचून टोचून घट्टा पडला होता, तो नव्हता. गेले काही दिवस सुई तिच्या हातात टिकत नव्हती. शिवणाचं मशीन चादरीखाली होतं. गिऱ्हाइकांचे कपडे परत गेले होते आणि आईला त्याचं काहीच वाटत नव्हतं. तिच्या कानाची पाळी गालाला चिकटत चालली होती.

त्या आठवड्यापासून बाबांनी शहरात जाणं बंद केलं. तासभर बसमध्ये आदळून घ्यायचं कशाला, म्हणाले. ज्या माणसाने नोकरीला एकदाही दांडी मारली नव्हती, ज्याने मुलीला कॉलेज सोडलं म्हणून सहा महिने हाक मारली नव्हती, तो सकाळी दोनदा आंघोळ करायचा आणि मग खुर्चीत बसून राहायचा. खुर्चीतून घसरायचा. पुन्हा बसायचा. घसरताना हसायचा. तोंड मिटलेलं असताना ते कुठे आहे हे शोधावं लागेल, अशा चेहऱ्यावरचं ते हसू. थोरलीने त्यांच्यासमोर जेवणं सोडलं.

सगळ्याला कारण होतं. म्हातारपण, पाणी, कामातून सुटल्याचं सुख. ती ही कारणं एकापुढे एक मांडायची आणि प्रत्येक पटायचं.

५

धाकटी जिन्यावरून पडली होती शहरात असताना, आणि गुडघ्यावर टाक्यांचा व्रण होता. तिला तो फार प्रिय. पाहुणे आले की फ्रॉक वर करून दाखवायची. एका सकाळी आंघोळ घालताना थोरलीने तो गुडघा चोळला आणि हात तसाच पुढे सरकला.

व्रण नव्हता. वाटी कुठे आहे ते बोटांना लागेना.

हिला तर आपण मोठी वडी कधी लावलीच नाही. थोरलीने धाकटीला तोंड उघडायला लावलं. धाकटीला वाटलं, खेळ आहे, तिने आ केला. जीभ सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखी होती, पांढुरकी, चकचकीत, तिच्यावर एक कण खडबडीत नाही. हिरड्यांतून डोकावणारा नवा दात गोल होता. मण्यासारखा.

"चव लागते का तुला?" थोरलीने विचारलं.

धाकटीने विचार केला. "मऊ लागतं सगळं."

थोरली आईसमोर जाऊन उभी राहिली. तिने आवाज चढवला नाही. म्हणाली, आज वडी मी टाकणार आहे, आणि धाकटीला घेऊन मावशीकडे जाणार आहे, तुम्ही बसा इथे एकमेकांना चोळत.

आईने तिच्याकडे प्रेमाने पाहिलं. शहरात ती असं कधी बघत नसे.

"तुला सगळ्याचीच शिसारी," आई म्हणाली. "कॉलेजची, आमची, माझ्या हातच्या अन्नाची. लहानपणी अंगावर पाजतानासुद्धा तोंड फिरवायचीस. किती दिवस अशी टोकं काढून राहणार आहेस ग? लोकांना लागतं."

हे शेवटचं आईने भांडणासाठी म्हटलं नव्हतं. ती खरंच सांगत होती. मग ती आंघोळीला गेली आणि आतून पुन्हा तो आवाज सुरू झाला.

६

दुपारी आई काकूंकडे गेली. बाबा खुर्चीत होते. थोरलीने बाथरूमला आतून कडी लावली, हातांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या आणि सुरी घेतली. एवढा गोळा कचऱ्यात फेकला तर आई उचलून आणील. बारीक तुकडे करून गटारात सोडायचे, असा तिचा बेत होता.

सुरी पहिल्या थरातून लोण्यातून जावी तशी गेली. मग जड जाऊ लागली, आणि एका जागी अडकली. अडकली म्हणजे रुतली नाही. धरली गेली. तिने जोर लावून अर्धी कापली आणि फाकवली.

आत थर होते, कापलेल्या कांद्यासारखे, प्रत्येकाचा रंग वेगळा. मधले अगदी जुने, करडे. बाहेरच्या बाजूला शहरातून आणलेला तुकडा, त्यावर काकूंचा पिवळट. शहरातल्या थरात बारीक रेषा दिसत होत्या, गोल गोल, एकात एक. बाबांचा अंगठा ती ओळखत नव्हती, कोण कोणाचा अंगठा ओळखतं. साबण दाबताना ठसा उमटतोच, असं तिने मनाला सांगितलं. पण ठसा वर उमटतो. या रेषा आतपर्यंत गेल्या होत्या. थर कापावा तिथे रेषा. आणि त्यांतून वास येत होता, साबणाखाली दबलेला, बाबांच्या सदऱ्याच्या कॉलरचा.

काकूंच्या तुकड्यावर आणखी एक थर होता, सगळ्यात वरचा, अजून नीट न मुरलेला. हिरवा.

तिला कळायला वेळ लागला. आपला झिजलेला तुकडा आपण कधी टाकला, हे तिला आठवेना. तो कधी तिने टाकलाच नव्हता. बारीक झाला की नवी वडी काढायची आणि जुना तिथेच सोडायची. घरात आई असताना सोडलेली वस्तू कुठे जाते, हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता.

हिरव्या थरात गुलाबी काहीतरी होतं, करवंदाएवढं. तिने सुरीच्या टोकाने ते टोकरलं. शेजारच्या खोलीत झोपलेली धाकटी हसली. गुदगुल्या झाल्यावर हसते तशी.

थोरली बेसिनमध्ये ओकली. तोंड धुतलं, हात धुतले, पुन्हा धुतले. साबणाला हात लावायची सोय नव्हती, म्हणून नुसत्या पाण्याने. हात बुळबुळीतच राहिले. मागे ताटलीत वडीच्या दोन्ही फाका सावकाश एकमेकींकडे येत होत्या. त्या मिटेपर्यंत थांबायला ती तयार नव्हती. आता ती वडी तोडण्यात अर्थ नव्हता. तोडल्यावर आतलं काय कोणाचं तुटेल, याचा भरवसा नव्हता. धाकटीला इथून काढायचं, एवढंच उरलं होतं. उरलीय तेवढी.

७

बस उन्हात उभी होती. थांब्यावर बरीच माणसं होती, कोणी बसमध्ये चढत नव्हतं. एकमेकांना टेकून, एकमेकांच्या अंगावर किंचित सरकत, नुसती उभी होती. थोरली त्यांच्यामधून वाट काढत निघाली. तिला वाट काढावीच लागली नाही. ती त्यांच्यातून घरंगळत गेली आणि प्रत्येक स्पर्शाला तिचे दात शिवशिवले.

धाकटी कुरकुरत होती. तिला झोप येत होती, तिला आई हवी होती. मावशीकडे गेलो की तिथल्या गच्चीवर खेळू, असं थोरली सांगत होती. तिने धाकटीचं मनगट धरलं होतं. ते सारखं निसटायचं. ती पुन्हा धरायची, बोटं आवळून, दुखेल एवढं. धाकटीने एकदाही दुखतंय म्हटलं नाही.

आई आली होती. काकू आल्या होत्या. दोघी थांब्याच्या छपराखाली उभ्या होत्या, हाक न मारता. आईने तिला अडवलंही नाही. लग्नघरातून पाहुणे निघताना यजमान उभे राहतात तशी ती उभी होती, हात पुढे बांधून. बांधलेले हात कुठून वेगळे होतात ते दिसत नव्हतं.

"लवकर या," आई म्हणाली.

थोरली आधी चढली, पायरीवर वळली आणि धाकटीला वर ओढलं. बस हलली. धाकटीचा एक पाय पायरीवर होता. थोरलीने एका हाताने दांडा पकडला, दुसऱ्याने तिचा हात. दांडा सुटतोय असं वाटून तिने तो जास्त घट्ट धरला. तेवढ्यात दुसरा हात रिकामा झाला. झटका बसला नाही. ओल्या हातातून वडी सटकावी तसं काहीतरी सुळकन गेलं. दार मिटलं.

ती ओरडली. ड्रायव्हर म्हणाला, पुढच्या थांब्यावर उतरा, मध्ये थांबता येत नाही. त्याने आरशात बघितलं. त्याच्या कपाळावर आठ्या होत्या, शहरातल्या माणसासारख्या.

तिच्या तळहातात काहीतरी होतं. कोमट, मऊ, ओलसर, दबून पसरलेलं. अंगावर काटा आला. बघायच्या आधीच, कोणीही पुसेल तसा तिने हात समोरच्या सीटच्या पाठीवर पुसला. एकदा, दोनदा, खसाखसा, मधे काही राहू नये म्हणून.

मग ती मागच्या काचेकडे धावली. धाकटी रस्त्यात उभी होती, पडलेली नव्हती, रडतही नव्हती. आईने तिला मागून जवळ घेतलं होतं. धाकटी निरोपाचा हात हलवत होती. काच धुळकट होती, ऊन समोरून होतं. त्या हाताला टोकाशी काय होतं, हे धुळीमुळे नीट दिसलं नाही, असं थोरली स्वतःला म्हणाली. धाकटी हसत असावी.

बस वळली.

थोरली परत आली आणि त्या सीटसमोर गुडघ्यांवर बसली. कापडावर गुलाबी पट्टा ओढला गेला होता, मध्ये जरा जाड, कडेला वाळायला लागलेला. पुढच्या थांब्यापर्यंत ती नखांनी तो खरवडून तळहातावर गोळा करत राहिली. नखं नीट लागत नव्हती. एक कणही खाली पडू नये म्हणून तिने श्वास रोखून धरला होता.